कुत्रे थांबले म्हणजे चोर सापडला काय?

काही वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या जठारपेठेतील एक घर लग्नानिमित्त चार दिवस बंद होते. मंडळी परतली तेव्हा पुढच्या दाराचे कुलूप तुटलेले, आतले कपाट उघडे आणि दागिन्यांचा डबा रिकामा. पोलीस आले, पंचनामा झाला आणि दुपारी श्वान पथकाची गाडी आली. गाडीतून एक काळे, उंच, अंगाने सडपातळ डॉबरमन कुत्रे उतरले आणि त्याच्यामागे पट्टा धरून एक हवालदार. अर्ध्या तासात गल्लीत जत्रा भरली. आम्हीही कचेरीतून जेवणाच्या सुटीत घरी आलो होतो, तेव्हा गर्दीत आम्हीही होतो हे कबूल केले पाहिजे.

कुत्र्याने दाराची कडी हुंगली, दोनदा गोल फिरले आणि नाक जमिनीला लावून निघाले. पिठाच्या चक्कीवरून गेले, नळाजवळ थोडे घुटमळले, मग बोळात वळले आणि एका खोलीच्या ओट्यावर जाऊन थांबले. त्या खोलीत सकाळी पेपर टाकणारा एक सतरा वर्षांचा मुलगा आणि चार घरी धुणीभांडी करणारी त्याची आई राहतात. पोलिसांनी अजून तोंडही उघडले नव्हते, तोच गर्दीने निकाल लावून टाकला.

"कुत्र्यानं दाखवलं ना! आता अजून काय पुरावा पायजे?"

संध्याकाळपर्यंत चारपैकी दोन घरांनी त्या बाईंना उद्यापासून येऊ नका असे कळवले. पेपरच्या एजंटाने मुलाची लाईन दुसऱ्याला दिली. रात्री त्या बाई आमच्या दारात आल्या. "भाऊ, माह्या पोरानं काई केलं नाई. पेपर टाकाले जाते थो. मले काई समजून नाई राह्यलं." आम्ही त्या माय-लेकरांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. मुलाने जे सांगितले ते साधे होते. तिसऱ्या दिवशी पहाटे पेपर टाकताना त्याला त्या घराचे दार किंचित लोटलेले दिसले. वाऱ्याने उघडले असेल असे समजून त्याने कडी ओढून घेतली आणि सायकलवर पुढे गेला. पन्नास घरे बाकी होती. कुलूप जागेवर नाही हे त्याच्या ध्यानात आले नाही; पहाटे अंधारात येतही नाही.

चार-पाच दिवसांनी तोच हवालदार आम्हाला चहाच्या टपरीवर भेटला. पोलिसी भाषेत त्यांना श्वान हस्तक म्हणतात. आम्ही जरा रागातच विचारले, की तुमच्या कुत्र्याने गरिबाचे पोर का दाखवले? त्याने रागावून न घेता जे उत्तर दिले त्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

"भाऊ, कुत्रं खोटं बोलत नाई. पण आपुन त्याले काय विचारलं, हे समजून घ्या लागते. म्या त्याले कडीचा वास देल्ला. कडीले ज्याचा हात शेवटी लागला, त्याच्या घरी थे गेलं. चोराचं घर दाखव, असं म्या त्याले म्हटलंच नाई."

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. मिळेल ते वाचले, ओळखीच्या पोलीस बांधवांना विचारले. आम्ही वाणिज्य शाखेचे. प्राण्यांचे शास्त्र आमचे नव्हे. पण या कुत्र्यांविषयी आपल्या वस्त्यांमध्ये इतके गैरसमज आहेत, आणि त्यांचे मोल शेवटी गरिबाला इतके द्यावे लागते, की जे कळले ते मांडले पाहिजे असे वाटले.

आधी नाकाचे पाहू. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. आपण श्वास घेतो आणि त्याच वाटेने सोडतो. कुत्रे नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून श्वास सोडते, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही, उलट नवा वास आत ओढला जातो. हुंगताना ते एका सेकंदात पाच-सहा वेळा असे करते. आपण वरणाला फोडणी दिली की घरभर 'फोडणीचा वास' येतो म्हणतो; कुत्र्याला त्यातले तेल वेगळे, मोहरी वेगळी, हिंग वेगळा, लसूण वेगळा कळतो. गुन्हेगार अंमली माल कांद्याच्या पोत्यात लपवतो, वर मिरचीपूड टाकतो. आपल्याला कांदाच कळतो; शिकवलेल्या कुत्र्याला कांदाही कळतो आणि मालही.

माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत गळत असतात. जिथे जिथे आपण जातो तिथे ते पडतात आणि त्यांचा वास मागे राहतो. माग काढणारे कुत्रे हाच वास धरून जाते. पण हा वास कायमचा नसतो. ऊन, वारा, पाऊस आणि सर्वात जास्त म्हणजे लोकांची पावले तो पुसतात. चोरी झाली की सगळी गल्ली आत शिरते, कपाटाला हात लावून पाहते, शेजारीण पाणी आणून देते, कोणी तरी तुटलेले कुलूप उचलून "हे पाहा" म्हणून दाखवते. त्यानंतर येणाऱ्या कुत्र्यापुढे वीस माणसांच्या वासाचा गुंता असतो. म्हणून आमचे सांगणे आहे, घरात चोरी झाल्याचे कळले तर आधी बाहेर या, बायामुलांना बाहेर ठेवा, कशालाही हात लावू नका आणि पोलीस येईपर्यंत दारात एक माणूस उभा करा. शेजाऱ्यांना राग आला तर येऊ द्या.

आपल्या अकोल्याच्या उन्हाचाही यात मोठा भाग आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि अंग थंड करते. धापा टाकणे आणि बारकाईने हुंगणे ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तापलेल्या डांबरावर वासही टिकत नाही आणि पंजेही भाजतात. म्हणून वऱ्हाडात उन्हाळ्यात माग काढायचा तर भल्या पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. श्वानगृहात कूलर लावला की काही लोक 'कुत्र्याले कूलर अन् माणसाले पंखा नाई' असे कुत्सितपणे बोलतात. बोलणाऱ्याच्या घरी पंखा नसेल तर त्याचे दुःख खरे आहे. पण कूलर त्या जनावराच्या चैनीसाठी नाही, नाक कामाचे राहावे म्हणून आहे.

आता कुत्र्यांच्या कामातला फरक. सगळी पोलिसी कुत्री एकच काम करत नाहीत, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. माग काढणारे कुत्रे दिलेल्या वासामागे जाते. बॉम्बशोधक कुत्र्याला कोणाचाही माग काढायचा नसतो. त्याला स्फोटकांचे ठराविक वास शिकवलेले असतात आणि तो वास आला की ते मुकाट्याने खाली बसते. भुंकत नाही, पंजा मारत नाही. पंजा लागून स्फोट झाला तर कुत्रेही जाईल आणि माणसेही. ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणारे कुत्रे याच्या बरोबर उलट वागते. जिवंत माणसाचा वास ढिगाऱ्याच्या फटीतून वर आला की ते जागेवर उभे राहून भुंकते, कारण तिथे लोकांना लवकर बोलवायचे असते. एकाला गप्प बसायला शिकवायचे, दुसऱ्याला ओरडायला.

बॉम्बशोधक कुत्र्यांत महाराष्ट्राला न विसरता येणारे नाव म्हणजे जंजीर. हा लॅब्रॉडोर जातीचा कुत्रा जानेवारी १९९२ मध्ये जन्मला, पुण्यात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. पुढे अडीच महिन्यांतच, १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. २५७ माणसे मेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमध्ये ठेवलेली स्फोटके जंजीरने दाखवली. मुंबई, मुंब्रा आणि ठाणे परिसरात मिळून त्याच्या नावावर ३,३२९ किलो आर. डी. एक्स., ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधल्याची नोंद आहे. ३,३२९ किलो म्हणजे तेहतीस क्विंटलांहून जास्त. आमच्या कापूसवाल्या शेतकरी बांधवांना क्विंटलात सांगितले की अंदाज येईल. तो हाडांच्या कर्करोगाने १६ नोव्हेंबर २००० रोजी गेला आणि पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन पुरले. दंगलीने आणि स्फोटांनी होरपळलेल्या त्या शहरात तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहत होता. स्कूटर कोणत्या धर्माच्या माणसाची, हे जंजीरला विचारावे लागले नाही.

ढिगाऱ्यातल्या कुत्र्यांची आठवण निघाली की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट डोळ्यांपुढे येते. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. आपल्या भागातूनही किती तरी तरुण भाकरी आणि कपडे घेऊन तिकडे धावले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तेव्हा नव्हते. ते २००६ मध्ये उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन आता पुण्याजवळ असते आणि महाराष्ट्रात इमारत पडली, दरड कोसळली की ते जवान येतात. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे मेली. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत पडली. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. त्याच गावात त्या ढिगाऱ्यातून सुमारे १९ तासांनी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. अशा ठिकाणी दलाबरोबर कुत्रीही असतात. मात्र माळीणसारख्या ओल्या, घट्ट चिखलातून वास वर यायला वाट नसते. सिमेंटच्या ढिगाऱ्यात फटी असतात, चिखलात नसतात. कुत्र्याने काही दाखवले नाही म्हणजे खाली कोणी नाहीच असे समजायचे नसते, आणि जवान तसे समजतही नाहीत.

याचे एक चांगले उदाहरण परदेशातले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला तेव्हा आपल्या दलाची पथके तिकडे गेली. सोबत काही कुत्री होती. त्यांतली ज्यूली आणि रोमिओ ही दोन लॅब्रॉडोर. नुर्दागी या गावात एका पडलेल्या इमारतीवर ज्यूली एका जागी भुंकू लागली. जवानांनी लगेच खोदायला घेतले नाही. तिला बाजूला नेऊन रोमिओला सोडले. ज्यूलीने काय दाखवले ते रोमिओला ठाऊक नव्हते. तोही त्याच जागी येऊन भुंकला. मग खोदले आणि सहा वर्षांची एक मुलगी जिवंत निघाली. हिशोबाच्या कामात आम्ही बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करतो, तसेच हे.

अशी कुत्री येतात कुठून? लष्कराचे मोठे केंद्र मेरठला आहे. तिथे पैदासही होते आणि शिक्षणही. सीमा सुरक्षा दलाचे केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलाची श्वान पैदास व प्रशिक्षण शाळा बंगळुरूजवळ तरळू येथे आहे. तिथली बेल्जियन मॅलिनॉ जातीची कुत्री सुरुंग शोधण्यासाठी नक्षलग्रस्त भागात जातात. मॅलिनॉ अंगाने हलके, न थकणारे. जंगलात जवानांबरोबर मैलोन्‌मैल चालते. लॅब्रॉडोर शांत आणि खादाड. खाण्याचे वेड असल्याने शिकवायला सोपे, पण वजन वाढायलाही तितकेच सोपे. डॉबरमन तापट आणि चपळ. मात्र या जातीत हृदयाचा आजार पुष्कळ आढळतो.

पैदाशीचे काम म्हणजे नर-मादी एकत्र बांधणे नव्हे. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, ६३ दिवस गाभण राहते आणि एका वेतात सहा-आठ पिले देते. त्याआधी दोघांच्या मागच्या पायांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून पाहावे लागतात. लॅब्रॉडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात उतरतो; असे कुत्रे चार-पाच वर्षांतच लंगडते आणि त्याच्यावर केलेले सगळे शिक्षण वाया जाते. जवळच्या नात्यात वारंवार वेत घेतले तर दोष आणखी पक्के होतात. दिसायला देखणी म्हणून प्रदर्शनासाठी वाढवलेली कुत्री आणि कामासाठी निवडलेली कुत्री यांच्यात एकाच जातीतही फार अंतर असते. आपल्याकडे हौसेने हजारो रुपये मोजून 'पोलीस कुत्रे' म्हणून पिलू विकत घेणारे आणि पुढे ते सांभाळता न आल्याने रस्त्यावर सोडणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे!

पिलू दीड-दोन महिने आईपाशीच राहिले पाहिजे. तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचा काळ सर्वात मोलाचा. या वयात त्याला गाडीचा आवाज, फटाका, जिना, पत्रा, गर्दी, लहान मुले यांची ओळख झाली तर पुढे भीती राहत नाही. शिकवणारे मग चेंडू टाकून पाहतात. जे पिलू गवतात हरवलेला चेंडू सापडेपर्यंत शोधतच राहते ते कामाचे. जे दोन मिनिटांत विसरून सावलीत जाऊन बसते ते घरी पाळायला बरे. उत्तम आई-बापांच्या वेतातलीही सगळी पिले पास होत नाहीत.

मुले हमखास विचारतात, मग गल्लीतले कुत्रे का नाही? त्याचे नाक काही कमी नसते. उत्तराखंड पोलिसांनी 'ठेंगा' नावाचे रस्त्यावरचे पिलू शिकवून २०१९ मध्ये पथकात घेतले. बंगालमध्ये बराकपूरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात सापडलेली 'आशा' ही गावठी कुत्रीही शिकून तयार झाली. जातिवंत पिलू घेतले की उंची, स्वभाव, ताकद यांचा आधी अंदाज बांधता येतो, एवढाच त्यातला फायदा. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची कारवान किंवा मुधोळ जातीची कुत्री पळण्यात कोणाला हार जात नाहीत. लष्कराने मुधोळ कुत्री मेरठला नेऊन शिकवून पाहिली. पण ही मुळात डोळ्याने सावज टिपणारी शिकारी जात, नाकाने नव्हे. म्हणून त्यांच्याकडून काम घ्यायचे तर ते पाहून घ्यावे लागते. जन्माची चिठ्ठी कुत्र्याच्या बाबतीतही पुरती खरी ठरत नाही, आणि आपल्या देशात माणसाच्या बाबतीत ती शेकडो वर्षे ब्रह्मवाक्य मानली गेली. असो.

शिकवण्याविषयी एक गैरसमज तर आम्ही शिकल्या-सवरल्या लोकांकडूनही ऐकला. म्हणे गांजा शोधणाऱ्या कुत्र्याला आधी गांजाची सवय लावतात. हे साफ खोटे आहे. कुत्र्याला मालाशी काही देणेघेणे नसते. त्याला त्याचा चेंडू हवा असतो. एका ओळीत डबे ठेवतात. एकात तो वास असतो, बाकी रिकामे किंवा साबण, चहा, मसाला भरलेले. वासाच्या डब्यापाशी बसले की लगेच चेंडू. चुकीच्या डब्यापाशी बसले तर काही नाही. मार नाही, ओरडाही नाही. हे महिनोन्‌महिने, दिवसातून थोडा थोडा वेळ. मग डबे जाऊन पिशव्या येतात, पिशव्या जाऊन गाडी, मग स्टेशन, मग गर्दी. असे सहा ते नऊ महिने. जिल्ह्यात परत आल्यावरही सराव रोज चालूच ठेवावा लागतो, नाही तर विसरते.

हे सगळे ज्याच्या हातून होते तो हस्तक म्हणजे आपल्यापैकीच कोणा घरचा शिपाई किंवा हवालदार. एका कुत्र्यामागे साधारणपणे दोन हस्तक असतात. सकाळी फिरवणे, अंग पुसणे, ब्रश करणे, कान तपासणे, गोचिड काढणे, खायला घालणे, सराव घेणे. कुत्रे आजारी तर याची रात्र श्वानगृहात. टपरीवरचे ते हवालदार सांगत होते, की मुलीच्या बारशाला ते पोहोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. कुत्रे आठ-दहा वर्षांचे झाले की निवृत्त होते. काहींना पथक सांभाळते, काहींना लोक दत्तक घेतात, काही हस्तक आपल्याच घरी नेतात. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांनी पोलीस म्हणजे फक्त काठी आणि बंदोबस्त असे समजू नये. हे कौशल्याचे काम आहे. मात्र ज्याला जनावराची किळस आहे किंवा ज्याचा हात लवकर उठतो, त्याने या वाटेला जाऊ नये.

हस्तकाच्या हातात आणखी एक धोका असतो. कुत्रे पट्ट्यातून माणसाचे मन वाचते. हस्तकाला आधीच वाटत असेल की माल याच घरात आहे, तर त्याची पावले तिथे मंदावतात, पट्टा किंचित ताणला जातो, आणि मालकाला खूश करायला उत्सुक असलेले कुत्रे तिथेच बसू शकते. चांगला हस्तक म्हणून आपला अंदाज पट्ट्यात उतरू देत नाही. ज्यूली-रोमिओच्या वेळी दुसरे कुत्रे सोडले ते यासाठीही.

आणि म्हणूनच न्यायालयांनी या बाबतीत फार सावध भूमिका घेतली आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्यावर घेतल्या जाणाऱ्या हरकती मांडल्या. कुत्रे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येत नाही, शपथ घेत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही; आणि माणसाचा जीव व स्वातंत्र्य कुत्र्याच्या तर्कावर अवलंबून असू नये, अशी ती मांडणी होती. न्यायालयाने कुत्र्याचा भाग बाजूला ठेवला आणि उरलेला पुरावा पुरेसा आहे की नाही ते पाहिले. पुढे २००८ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासासाठी कुत्र्याची मदत घ्यावी, पण त्याने दाखवले म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. आमच्या कारकुनी भाषेत, कुत्र्याची निशाणी ही कच्ची चिठ्ठी आहे. पक्की पावती नव्हे. तिच्या आधारे तपास करा, माल मिळाला, ठसे जुळले, साक्षीदार मिळाले, तर ते ते पुरावे.

हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कारण कुत्रे कोणाच्या ओट्यावर थांबले यावरून गर्दी काय समजते हे ओटा कोणाचा यावर ठरते. तेच कुत्रे त्या दिवशी चक्कीवाल्या शेटजींच्या दारात थांबले असते, तर लोक म्हणाले असते, कुत्र्याचा काही तरी घोळ झाला. पारधी बेड्याचे तर विचारूच नका. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या डोक्यातून गेला नाही. वनखात्याकडेही आता वाघाचे कातडे, हाडे हुंगून काढणारी कुत्री असतात. ट्रॅफिक ही संस्था २००८ पासून देशभरच्या वनखात्यांसाठी ती शिकवून घेत आली आहे. मेळघाटासारख्या जंगलात वाघ वाचवायचा तर त्यांची गरज आहेच. परंतु कातडे सापडले तर कातडे दाखवा. बेड्याच्या दिशेने कुत्रे गेले एवढ्यावर सगळा बेडा चोर ठरवू नका, आणि असे कोणी करत असेल तर त्याच्यापुढे कायदा ठेवा. वकील नसला तरी चालेल. वरचे दोन निकाल लक्षात ठेवले तरी पुरे.

आमच्या पेपरवाल्या मुलाचे पुढे काय झाले हे वाचक विचारतील. पोलिसांनी त्याची विचारपूस केली, त्याचे म्हणणे लिहून घेतले आणि त्याला सोडले. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्याच एका प्रकरणात बाहेरगावची टोळी पकडली गेली, तिच्याकडून या घरातले काही दागिने मिळाले. ज्या दोन घरांनी त्या बाईंचे काम बंद केले होते, त्यांपैकी एका घरच्या ताई स्वतः बोळात येऊन त्यांना परत घेऊन गेल्या. दुसऱ्यांनी तोवर दुसरी बाई लावली होती. पेपरची लाईन काही परत मिळाली नाही. मुलगा आता एका गॅरेजमध्ये जातो.

दर वर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो आणि त्या आठवड्यात ठिकठिकाणी मुलांना श्वान पथकाची प्रात्यक्षिके दाखवतात. मागच्या खेपेला आम्ही वस्तीतली अकरा मुले घेऊन गेलो. मैदानात पाच पिशव्या मांडल्या होत्या. लॅब्रॉडोर एकेक हुंगत गेले आणि चौथीपाशी टुणकन बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एका मुलीने हस्तकाला विचारले, "काका, आता याले भाकर भेटते का?" ते हसले. खिशातून एक चावून चावून फाटलेला चेंडू काढला आणि तिच्या हातात देऊन म्हणाले, "घे, तूच दे." तिने भीत भीत चेंडू फेकला. कुत्रे तो घेऊन आले आणि पुन्हा तिच्याच पायाशी ठेवले. मग सगळ्यांना फेकायचा होता. तासभर आम्हाला तिथून हलता आले नाही.

गॅरेजवाल्या मुलालाही आम्ही चल म्हटले होते. तो आला नाही.